पालघरचा पाऊस

मंगळू ठाणे जिल्ह्यात राहत होता. त्याचं घर उंबरपाड्यात, जामसरच्या पुढं चार किलोमीटर. उंबरपाडा जव्हार तालुक्यात, आणि जव्हार तालुका नव्या पालघर जिल्ह्यात जाऊन आता अकरा वर्षं होत आली होती. पण तालुका गेला म्हणून मंगळूनं कशाला जावं? तो होता तिथंच होता. शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात 'जिल्हा परिषद, पालघर' असं लिहिलं होतं, त्याला तो रंगाऱ्याची चूक म्हणायचा. ग्रामसेवकानं एकदा समजावून पाहिलं, तर मंगळूनं घरातून जुनं रेशनकार्ड आणलं, आधारकार्ड आणलं. दोन्हींवर जिल्हा ठाणे. "कागद खोटा बोलतो काय?" त्यानं विचारलं. ग्रामसेवकाला अजून दोन पाडे करायचे होते. तेव्हापासून कुणी त्याच्या नादी लागलं नाही.

हट्टी माणसाच्या हट्टाला बहुतेक वेळा एक खरं कारण असतं आणि नेमकं तेच तो कुणाला सांगत नाही. मंगळूचं कारण पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवलेलं होतं. नदीपलीकडची दीड एकर जमीन त्याच्या बापानं कसली, त्यानं कसली, पण ती नावावर नव्हती. त्यासाठी तो जवानीत मोर्च्याबरोबर ठाण्याला गेला होता. कलेक्टर कचेरीसमोर फुटपाथवर तीन रात्री झोपला होता. पुढं कितीतरी वर्षांनी वनपट्ट्याचा कागद आला. त्यावर त्याचा आणि बायकोचा फोटो, आणि खाली ठाण्याचा गोल शिक्का. आता ठाणं आपलं नाही म्हटलं, तर त्या शिक्क्याचं काय? हे कुणाला विचारावं असं त्याला अकरा वर्षांत एकदाही वाटलं नाही. उत्तर वाईट आलं असतं तर काय करणार होता!

त्या फुटपाथवर त्याच्या शेजारी ढवळू झोपला होता. ढवळू म्हणजे समोरचं घर आणि पलीकडच्या जमिनीचा शेजारचा बांध. वयानं पाच-सहा वर्षांनी लहान. मोर्च्याला मंगळू "चल" म्हणाला आणि तो आला, तेव्हापासून तो मंगळूला दादा म्हणत होता आणि त्याच्या शब्दाबाहेर जात नव्हता. रोपांसाठी राब कधी भाजायचा, बी कुठलं टाकायचं, नदीला पायी ओलांडण्याजोगा उतार कधी आहे, सगळं दादाला विचारून. बायको सकू त्याला टोचायची, की जेवायचं का हेही दादालाच विचारून या. ढवळू हसायचा. मंगळूलाही ते ऐकून बरं वाटायचं, आणि ते त्यानं कधी लपवलं नाही.

असं सगळं चाललं असताना पंकज सर शाळेत आले.

पंकज सर तिशीचे, जव्हारहून रोज मोटारसायकलनं यायचे. येताना एसटी डेपोजवळच्या स्टॉलवरून पेपर घ्यायचे आणि तो रेनकोटाच्या आत घालून आणायचे. परिपाठात बातमी वाचायची पद्धत सगळ्याच शाळांत आहे. एक पोरगं उभं राहून वाचतं आणि बाकीची डास चावलेलं खाजवत उभी असतात. सरांनी त्यात फेरफार केला. एकोणीस पोरांपैकी प्रत्येकानं एक बातमी वहीत उतरवायची, संध्याकाळी घरी मोठ्यानं वाचायची, आणि घरातल्या मोठ्या माणसाचं त्यावर एक वाक्य लिहून आणायचं. ते वाक्य जसं बोललं तसंच लिहायचं, शुद्ध करायचं नाही. सकाळी बातमी फळ्याच्या एका बाजूला आणि वाक्य दुसऱ्या बाजूला.

महिनाभरात पाड्याला त्याची चटक लागली. ज्यांनी जन्मात शाळेची पायरी चढली नव्हती ते रस्त्यात पोरांना अडवून विचारू लागले, "माझा वाक्य लागला का रं?" सगळ्यांत जास्त मंगळूची वाक्यं लागायची. त्याची नात करिष्मा पाचवीत होती. तिनं चंद्रावर पाणी असल्याची बातमी वाचली, तेव्हा तो म्हणाला, "तिथं टँकर जातो का तेवढा इचार." टोमॅटो महागल्याच्या बातमीवर म्हणाला, "आमच्या ताटात नव्हताच, कमी काय झाला?" एकदा धरण किती टक्के भरलं ते आलं. टक्के म्हणजे काय, हे समजावायला करिष्मानं शंभर वालाचे दाणे जमिनीवर मांडले आणि त्यातले अडतीस बाजूला केले. मंगळू बराच वेळ त्या दाण्यांकडं बघत राहिला. "नागली मांडली असतीस तर माझी उमर गेली असती," एवढंच म्हणाला, पण दुसऱ्या दिवशी ढवळूला त्यानं तेच दाणे मांडून टक्के शिकवले. शिकवताना हे आपल्याला आधीपासून येत होतं असा त्याचा चेहरा होता.

जुलैचा दुसरा आठवडा उजाडला. भाताच्या आवणीची घाई होती. अलीकडची खाचरं लावून झाली होती, पलीकडची राहिली होती. राबातली रोपं हातभर झाली, अजून थांबलं तर ती जून होतात आणि मग फुटवा येत नाही. उद्या मंगळू आणि ढवळू दोघांनी आपापली बैलजोडी घेऊन नदी ओलांडायची आणि चिखलणी करून टाकायची, असं ठरलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, ढवळू तंबाखू मळत मंगळूच्या ओट्यावर बसला होता. करिष्मानं वही उघडली.

"हवामान खात्याने उद्या पालघर जिल्ह्याला रेड अलर्ट दिला आहे," तिनं वाचलं. "अतिमुसळधार पाऊस पडेल. ठाणे जिल्ह्याला यलो अलर्ट आहे. पालघर जिल्ह्यातील नागरिकांनी नदी-नाले ओलांडू नयेत." मग वही फिरवून तिनं नकाशा दाखवला. पालघर तिनं लाल खडूनं इतकं घासलं होतं की कागद फाटायला आला होता. "लाल म्हणजे सगळ्यात धोक्याचा. पिवळा म्हणजे नुसता लक्ष ठेवायचा. आणि आपण इथं." तिनं लाल भागात बोट ठेवलं.

"कोण म्हणतो?" मंगळू म्हणाला.

"सर. आज वर्गात हात वर करायला लावले. आठ जण ठाणे म्हणाले. सर म्हणाले घरचे कागद जुने हाईत, म्हणून तसा होतंय."

"कागद जुना झाला म्हणून खोटा होतो काय? मंग मी बी खोटा." ढवळू हसला, तसा मंगळूला जोर चढला. "हे बघ पोरी. पालघर म्हणजे खाली, दर्याच्या काठाला. तिथल्या लोकांना सांगितलंय, का बाबांनो जपा. पालघरचा पाऊस पालघरात पडंल. आपण ठाण्याचे. ठाण्याला काय म्हणतात? पिवळा. पिवळा म्हणजे काय, हळद लागली."

"आजा, हसू नको ना," करिष्मा म्हणाली.

ढवळूनं तंबाखू दाढेत धरली. घरी त्याचा नातू लक्ष्या तिसरीत होता, त्यानंही हीच बातमी वाचली होती. "आमचा लक्ष्या बी सांगत व्हता, नदीला जाऊ नको," तो म्हणाला. "कसा करायचा, दादा?"

"काय व्हत नाय," मंगळू म्हणाला. "रोपं जून करायची काय? सकाळी हो पुढं. मी येतोच मागनं."

ढवळूला तेवढं पुरे होतं. तो उठून गेला. करिष्मानं पेन्सिल काढली आणि वाक्य मागितलं. मंगळूनं सांगितलं, "लिही, आमचा जिल्हा ठाणे." तिनं लिहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण लिहिलं मात्र जसं सांगितलं तसंच, कारण सरांचा नियम तसा होता.

मग तिची आई रंगू आतून मोबाइल घेऊन आली. सरांचा मेसेज आला होता, उद्या शाळेला सुट्टी. सोबत सुट्टीच्या आदेशाचा फोटो. करिष्मानं तो मोठा करून वाचला, आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "आजा, ही सुट्टी पालघरच्या कलेक्टरनं दिली. आपण ठाण्याचे, तर त्यानं आपली शाळा कशी बंद केली?"

कलेक्टर काय असतो हे मंगळूला पाड्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. मोर्च्यात सीमेवरच्या दोन गावांची माणसं होती. त्यांना साहेबांनी सरळ सांगितलं होतं, तुमचं नाशिकच्या हद्दीत येतं, तिकडं जा. कलेक्टर आपल्या हद्दीबाहेर एक वीतभर कागद फिरवत नाही. ज्यानं शाळा बंद केली, शाळा त्याची. शाळा त्याची, तर पाडाही त्याचा. अकरा वर्षं ग्रामसेवकाला, तलाठ्याला आणि रंगाऱ्याला जे जमलं नाही ते पोरीच्या एका प्रश्नानं झालं. मंगळूला पटलं. पण पटलं असं तोंडानं म्हणणं ही निराळी गोष्ट असते.

"जेव आता," तो म्हणाला.

सकाळी झुंजुमुंजू झालं तेव्हा नुसती भुरभुर होती. मंगळू ओट्यावर बसून राहिला. रंगूनं विचारलं तर म्हणाला गुडघा धरलाय. गुडघा खरंच धरायचा कधीकधी, त्यामुळं ते अगदीच खोटं नव्हतं. समोरून ढवळू बैल घेऊन निघाला. एक पवळ्या, एक बांड्या, दोघांच्या मानेवर जू आणि ढवळूच्या खांद्यावर नांगर. त्यानं लांबूनच हात केला. मंगळूनंही हात केला. तेव्हाच हाक मारायची होती. चार शब्दांचं काम होतं, "आज नको, पोरगी बरोबर." पण त्यानं केलेला हात खाली घेतला. काल एवढं हळदीचं बोललो, आज पाचवीतल्या पोरीचं ऐकून घरी बसलो हे सांगायचं कसं? आणि पाऊस तरी कुठं होता! उगाच भुरभुर. कदाचित काही होणारही नाही. ढवळू दुपारपर्यंत चिखलणी करून येईल, मग गुडघ्याचं सांगून टाकू. अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि ढवळू उताराकडं वळून दिसेनासा झाला.

करिष्मा दात घासत बाहेर आली. "ढवळूआजा गेला?"

"गेला."

"तू नाय गेलास?"

"गुडघा धरलाय."

ती त्याच्याकडं बघत राहिली. पोरीला सगळं कळलं हे त्याला कळलं. तिनं चूळ भरली आणि म्हणाली, "मंग त्याला बी सांग ना, गुडघा धरलाय म्हणून." रंगू आत भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मंगळू पोरीवर खेकसला. आयुष्यात तो तिच्यावर फार वेळा खेकसला नव्हता.

नऊच्या सुमाराला मोखाड्याच्या बाजूचं आभाळ काळं झालं आणि दहाला पाऊस असा कोसळू लागला की समोरचं ढवळूचं घर दिसेना. मंगळू उठला, परत बसला. साडेदहाला पुन्हा उठला. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेतला आणि गुडघा धरलेला माणूस पळत सुटला. रंगू मागून हाका मारत होती.

नदीच्या उतारावर मधोमध एक काळा धोंडा आहे. त्याचं डोकं दिसतंय तोवर उतरायचं, डोकं बुडालं की नाही, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मंगळू काठावर पोचला तेव्हा धोंड्याचं डोकं दिसत होतं. पण पाणी लाल झालं होतं आणि त्यातून काटक्या, पाला येत होता. वर कुठंतरी पाण्याचा लोंढा सुटला आहे, हे त्यानं ओळखलं. पलीकडं ढवळू बैल घेऊन उभा होता. उतरावं की नाही, याचा विचार करत असणार.

त्याला मंगळू दिसला.

दादा आला म्हणजे पाण्याचं काही खरं नाही असं त्याच्या मनात आलं नाही. दादा आला म्हणजे उतार आहे, असं आलं. मंगळू दोन्ही हात वर करून ओरडत होता, "येऊ नको! थांब तिकडंच! ढवळ्या, आपण पालघरचे! आपण पालघरचे रं!" पण पाण्याच्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू येत नव्हतं. ढवळूला एवढंच दिसलं की दादा हात करतोय. त्यानं बैलांना हाकारलं आणि पाण्यात पाय घातला.

मध्यावर असताना लोंढा आला. धोंडा दिसेनासा झाला. बांड्याचे पाय सुटले आणि तो आडवा झाला, त्याच्या ओढीनं पवळ्याही फिरला. ढवळूनं पाण्यात तोंड बुडत असताना जुवाची शिवळ उपसली आणि बांड्याची मान मोकळी केली. तसं केलं नसतं तर तिघं गेले असते. पवळ्याच्या शेपटाला धरून तो बराच खाली, करंजाच्या झाडांपाशी अलीकडं लागला. मंगळूनं चिखलात लोळत त्याला वर ओढलं. बांड्या एकदा दिसला, नुसती शिंगं आणि नाक, मग दिसला नाही.

ढवळूनं पाणी ओकलं. बराच वेळ धापा टाकल्या. मग म्हणाला, "मी उभाच व्हतो, दादा. म्हटला, पाणी वाढतंय, जावा का नको. मंग तू दिसलास."

मंगळूला त्या वेळी नदीत उडी टाकावीशी वाटली. त्यानं टाकली नाही. त्यानं ढवळूच्या अंगावर प्लॅस्टिकचा कागद घातला आणि त्याला घरी आणलं.

बांड्या तिसऱ्या दिवशी दोन किलोमीटर खाली बंधाऱ्याला सापडला. तलाठी पंचनामा करून गेला. पाड्यात सगळे म्हणत होते, पाऊसच तसा होता, कोण काय करणार. सकू म्हणत होती, मंगळूभाऊ काठावर होते म्हणून माझा माणूस वाचला. ढवळू जो भेटेल त्याला हेच सांगत होता. लोक मंगळूला रामराम घालताना जरा जास्त वाकू लागले. नदी ओसरल्यावर मंगळूनं आपली जोडी आधी ढवळूच्या खाचरात घातली, स्वतःची रोपं राबात जून होत असताना. तर त्याचंही कौतुक झालं. दिवसभर नांगर मारून ढवळूची अर्धी चिखलणी झाली, अर्धी दुसऱ्या दिवसावर राहिली.

त्याच दिवशी शाळेत वेगळीच धांदल होती. पेपरात आतल्या पानावर, कोपऱ्यात, एक ओळ आली होती: 'जव्हार तालुक्यात नदीच्या पुरात एक बैल वाहून गेला. जीवितहानी नाही.' ती बांड्याची आहे हे पोरांनी ओळखलं आणि वर्गात एकच गलका झाला. सरांनी ओळ फळ्यावर लिहिली आणि विचारलं, या बातमीत काय काय नाही? बैल कुणाचा ते नाही, लक्ष्या म्हणाला. कुठल्या उतारावर ते नाही. किती वाजता ते नाही. करिष्मा म्हणाली, कशामुळं ते नाही. मग सर म्हणाले, पेपरवाला जव्हारला बसून लिहितो, त्याला कुठून कळणार? आपण पूर्ण करू. ज्यानं जे विचारलं त्यानं ते आज घरी विचारून यायचं. उद्या पूर्ण बातमी फळ्यावर लागेल आणि सगळ्यांनी तीच उतरवून घरी वाचायची.

संध्याकाळी करिष्मा मंगळूसमोर बसली. ढवळू आज आला नव्हता, अंग दुखतंय म्हणून झोपला होता.

"बैल वाहून गेला, कशामुळं?" तिनं विचारलं. मग त्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाली, "पाऊस जास्त पडला, असा लिहू?"

हे तिनं त्याच्यासाठी केलं. पाचवीतल्या पोरीनं त्याला वाट काढून दिली. 'हो' म्हटलं असतं की काम झालं असतं, आणि पाऊस जास्त पडला हे खोटंही नव्हतं. रंगू चुलीपाशी पाठमोरी बसली होती आणि लाकूड सारायचं विसरली होती.

"नाय," मंगळू म्हणाला. "लिही. ढवळू इचाराया आला व्हता, नदीला जावा का नको. मंगळू म्हणाला, काय व्हत नाय."

तिनं लिहिलं.

"मंग लिही. मंगळूला रातीच कळला, का आपण पालघरचे. तो सकाळी गेला नाय. त्यानं ढवळूला जाताना पाहिला, पण हाक मारली नाय."

पेन्सिल थांबली. "आजा, हा फळ्यावर लागंल."

"लागू दे."

"लक्ष्या घरी वाचंल. ढवळूआजासमोर."

"म्हणून तर सांगतो," मंगळू म्हणाला. "माझ्या तोंडानं व्हत नाय गं. चार दिस झाले, तोंड उघडतो नि बंद करतो." करिष्मानं खाली मान घातली आणि 'मंगळू'चा 'ळू' नीट काढत बसली. तेवढं काढून झाल्यावर ती म्हणाली, "मी 'एक माणूस' लिहू का?" तो म्हणाला नाव लिही.

दुसऱ्या दिवशी चिखलणीला पुन्हा पाऊस आडवा आला, दिवस वाया गेला. संध्याकाळी पाऊस उघडला आणि एकोणीस घरांत एकच बातमी वाचली गेली. मंगळू ओट्यावर बसून होता. लक्ष्या अजून अक्षरं जुळवून वाचायचा, आणि मोठ्यानं. त्यामुळं एकेक शब्द तोडून तोडून समोरच्या घरातून येत होता. बैल कुणाचा, उतार कुठला, वेळ किती, हे सगळं आलं. मग 'मंगळू' आला. तिथं पोरगं अडखळलं, बहुतेक मोठ्या माणसाकडं बघत असावं. मग पुढं वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत. त्यानंतर त्या घरातून कसलाच आवाज आला नाही. भांड्याचाही नाही. मंगळू अंधार पडेपर्यंत बसला. ढवळू तंबाखूला आला नाही.

सकाळी मंगळू बैल घेऊन नदी उतरला. रात्रीत ओसरून पाणी घोट्याएवढं झालं होतं. ढवळू त्याच्या आधी येऊन पोचला होता. राहिलेल्या अर्ध्या खाचरात उभा राहून तो कुदळीनं चिखल करत होता. एकट्यानं, कुदळीनं, ते चार दिवसांचं काम होतं.

मंगळू बांधावर थांबला. "ढवळ्या," तो म्हणाला, "जोडी आणलीय."

ढवळूनं दोन घाव घातले. मग कुदळ टेकून सरळ उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मंगळूला परवडलं असतं.

"मंगळू," तो म्हणाला, "बैल घेऊन जा."

चाळीस वर्षांत ढवळूनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. ठाण्याच्या फुटपाथवर नाही, भांडणात नाही, दारू प्यायल्यावरसुद्धा नाही. मंगळूनं बैल बाजूला नेले आणि पळसाला बांधले. घरी जायची वाट समोर होती. मग स्वतःच्या खाचराच्या मांडवातून कुदळ घेऊन आला आणि ढवळूच्या खाचरात दुसऱ्या टोकाला उतरला. ढवळूनं एकदा तिकडं पाहिलं. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. दोघं दोन टोकांनी चिखल करत राहिले, आणि मधे बरंच खाचर होतं.